तीन गाड्या म्हणजे २१ किलोवॅट नव्हे

घरात दुसरी-तिसरी इलेक्ट्रिक गाडी येणार म्हटलं की एक सल्ला हमखास फॉरवर्ड होऊन येतो. त्याचं सार असं: जितक्या गाड्या तितके ७ किलोवॅटचे चार्जर, म्हणून तीन गाड्यांना २१ किलोवॅटचा जादा भार मंजूर करून घ्या, थ्री फेज घेतलं की प्रश्नच मिटतो, लोड वाटून देणारी यंत्रणा हा विकणाऱ्यांचा धंदा आहे, त्यापेक्षा टायमर लावा, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घरात आहेच, केबल ६ चौरस मिमीची टाका, ती सगळीकडे चालते, आणि गाडीने अर्थिंगची तक्रार केली तर अर्थ न्यूट्रलला जोडून घ्या. यातला पहिला मुद्दा फक्त खर्चात पाडतो. शेवटचा जिवावर बेततो.

‘जितक्या गाड्या तितके ७ किलोवॅट’

इथे वेग आणि गरज यांची गल्लत झाली आहे. मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट घेते. रोज ४० किलोमीटर चालली तर ६ युनिट, आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवर ७. तीन गाड्यांचे झाले २१. म्हणजे आकडा २१च आहे, पण तो युनिटचा, किलोवॅटचा नव्हे. हे २१ युनिट रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत भरायचे तर सरासरी भार येतो २.६ किलोवॅट, २३० व्होल्टवर साडेअकरा अँपिअरसुद्धा नाही.

एखाद्या दिवशी तिन्ही गाड्या रिकाम्या परतल्या तर? तिघींत मिळून ३२ अँपिअरची एकच मर्यादा ठेवली तरी आठ तासांत ५९ युनिट मिळतात. त्यात तिन्ही गाड्या मिळून ३०० किलोमीटरहून जास्त चालतात.

दुसरं असं की भिंतीवरचा डबा हा खरं तर चार्जर नाहीच. तो अकलेचा स्विच आहे. एसीची डीसी करणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो आणि त्याची क्षमता ठरलेली असते. ३.३ किलोवॅटचा चार्जर असलेली गाडी ३२ अँपिअरच्या डब्याला लावली तरी १५-१६ अँपिअरच्या पुढे जात नाही. म्हणून डबा निवडण्याआधी प्रत्येक गाडीचा एसी चार्जिंगचा आकडा आणि ती किती फेजवर वीज घेते, हे कागदावर लिहून काढा.

सल्ल्यातला एक धागा मात्र खरा आहे. आयईसी ६०३६४-७-७२२ हे चार्जिंगच्या वायरिंगचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की प्रत्येक चार्जिंग पॉइंट पूर्ण क्षमतेने, एकाच वेळी चालतो असं धरूनच हिशेब करा. भार नियंत्रित करणारी यंत्रणा असेल तरच तो कमी धरता येतो. म्हणजे २१ किलोवॅट ही तीन गाड्यांची गरज नाही, नियंत्रण न लावण्याची किंमत आहे.

‘थ्री फेज घेतलं की मिटलं’

गाडीतला चार्जरही थ्री फेज असेल तर खरंच फायदा होतो: दर फेजला १६ अँपिअर घेऊन ११ किलोवॅट मिळतात. पण सिंगल फेज गाडी थ्री फेज डब्याला लावली की ती फक्त पहिल्या टर्मिनलवरून वीज ओढते. आता तिन्ही डबे एकसारखे जोडले, म्हणजे घराचा पहिला फेज प्रत्येक डब्याच्या पहिल्या टर्मिनलला दिला, तर ३२ अँपिअरच्या तीन गाड्या मिळून एकाच फेजवर ९६ अँपिअर टाकतात आणि उरलेले दोन फेज रिकामे बसतात. मेन फ्यूज उडतो आणि दोष ‘कमी पडलेल्या’ कनेक्शनला दिला जातो.

उपाय फुकट आहे. पहिल्या डब्यात फेज १-२-३, दुसऱ्यात २-३-१, तिसऱ्यात ३-१-२ या क्रमाने जोडा. हा क्रम डब्याच्या सेटिंगमध्येही नोंदवायला हवा, आणि नेमकं तेच राहून जातं. मग दुसऱ्या फेजवर भार वाढला की यंत्रणा भलत्याच गाडीचा करंट कमी करते. न्यूट्रल फेजच्याच जाडीचा घ्या, कारण एकच सिंगल फेज गाडी चालू असेल तेव्हा तिचा सगळा करंट न्यूट्रलमधून परततो. आणि मेन न्यूट्रलचा जोड ढिला राहिला तर घरातल्या २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. फ्रिज, टीव्ही, सगळं एका रात्रीत जातं.

‘लोड वाटणं हा धंदा आहे, टायमर पुरतो’

टायमरला गिझर दिसत नाही. एसी, ओव्हन, पंप काहीच दिसत नाही. शिवाय सगळ्यांनी आपापल्या गाडीत एकच स्वस्त दराची वेळ भरली की तिन्ही गाड्या त्याच मिनिटाला सुरू होतात. टाळायचं होतं तेच टायमर घडवून आणतो.

लोड वाटण्यात जादू नाही. डबा गाडीला चार्जिंग केबलमधल्या ‘कंट्रोल पायलट’ या सूचनेच्या तारेवरून १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल देतो. पल्सची रुंदी १० टक्के असेल तर गाडीने ६ अँपिअरपर्यंत घ्यायचे, २६.७ टक्के असेल तर १६ आणि ५३.३ टक्के असेल तर ३२. रुंदी बदलल्यावर गाडीने पाच सेकंदांत करंट खाली आणायचा असतो. मीटरनंतरच्या मेन तारेवर सीटी (तारेभोवती बसणारं, करंट मोजणारं कडं) बसवला की यंत्रणेला घराचा एकूण भार कळतो, आणि उरलेला करंट ती गाड्यांत वाटते.

६ अँपिअरच्या खाली मात्र जाता येत नाही. १६ अँपिअर शिल्लक असतील तर दोन गाड्यांना आठ-आठ मिळतात, तिघींना ५.३ प्रमाणे वाटता येत नाहीत, म्हणून तिसरी रांगेत थांबते. काही गाड्या थांबता थांबता झोपी जातात आणि पाळी आली तरी उठत नाहीत. अशा गाडीसाठी डब्यात ‘वेक अप’ची सोय आहे का ते खरेदीआधी विचारा, नाहीतर तिला रांगेत पहिलं ठेवा. ६ अँपिअरवर रात्रभर चार्जिंग करणंही फारसं किफायतशीर नाही, कारण गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स आणि पंप जेवढी वीज खातात तेवढी खातातच. दोन गाड्यांना चांगला करंट देऊन तिसरीला नंतर घेतलेलं बरं.

ही यंत्रणा बिघडते ती बहुतेक वेळा बसवण्यातल्या चुकांनी. सीटीवरचा बाण उलटा लागतो, आणि सौर पॅनेल असतील तर घर वीज घेतंय की देतंय हेच उलटं दिसतं. सीटी एका फेजवर आणि सेटिंगमध्ये दुसराच फेज. डबे एकमेकांशी बोलतात ती आरएस-४८५ ची तार एका डब्यातून दुसऱ्यात अशी साखळीने न नेता एकाच जागेहून प्रत्येक डब्याकडे वेगळी फिरवलेली. १२० ओहमचे रोधक या तारेच्या फक्त दोन टोकांना हवेत, तर ते सगळीकडे लावलेले किंवा कुठेच नाहीत. दोन डब्यांना एकच पत्ता. वेळापत्रक ठेवायचं तर एकाच जागी ठेवा, गाडीत किंवा डब्यात. दोन्हीकडे ठेवलंत तर सकाळी गाडी रिकामी मिळते.

काम ताब्यात घेताना तिन्ही गाड्या लावा, घरातली जड उपकरणं एकदम चालू करा आणि मेनवरचा करंट क्लॅम्प मीटरने पाहा. मग सीटीची तार मुद्दाम उपटा. डब्यांनी आपणहून ठरलेल्या सुरक्षित करंटवर यायला हवं. पूर्वीसारखेच चालत राहिले तर काम अर्धवट आहे.

‘आरसीसीबी घरात आहेच’

आहे, पण कुठल्या प्रकारचा? गाडीत बिघाड झाला तर सपाट डीसी गळती होऊ शकते. जुन्या ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीचा गाभा त्या डीसीने संपृक्त होतो आणि खरी गळती आली तरी तो पडत नाही. ‘ए’ प्रकार ६ मिलिअँपिअर डीसीपर्यंत काम करतो. म्हणून प्रत्येक डब्याला ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी आणि सोबत ६ मिलिअँपिअर डीसी ओळखून तोडणारी सोय, किंवा सरळ ‘बी’ प्रकार. हे चिन्हावरून ओळखता येतं: ‘एसी’वर नुसती लाट असते, ‘ए’वर लाटेखाली अर्धलाटाही असतात, ‘बी’वर त्याशिवाय सरळ आणि तुटक रेषा.

तिन्ही डबे एकाच सामायिक ‘ए’ आरसीसीबीमागे घातले तर प्रत्येकाची ६ मिलिअँपिअरपर्यंतची डीसी मिळून १८ होऊ शकते, आणि वरचा आरसीसीबी आंधळा होतो. त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, त्यामुळे तीन गाड्यांची किरकोळ गळती एकत्र आली की विनाकारण अंधार. करंट वाटून घ्या, संरक्षण वाटून घेऊ नका.

‘६ चौरस मिमीची केबल सगळीकडे चालते’

ते अंतरावर आहे. ३० मीटरवर ३२ अँपिअर नेताना ६ चौरस मिमीच्या तापलेल्या तांब्यात साधारण ७ व्होल्ट पडतात आणि २३० वॅट उष्णतेत जातात. १० चौरस मिमीत ४.३ व्होल्ट आणि १४० वॅट. ४ चौरस मिमीचं नावच नको. एमसीबीची, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचची, गंमत वेगळी: तीन एमसीबी चिकटून बसवले की एकमेकांना तापवतात, आणि असा तापलेला ३२ अँपिअरचा एमसीबी तासन्‌तास ३२ अँपिअरवर टिकत नाही. मध्ये जागा सोडा आणि डबा २८ अँपिअरवर लावा, किंवा केबल १० चौरस मिमीची असेल तर ४० अँपिअरचा एमसीबी घ्या. केबल तीच ठेवून नुसता एमसीबी मोठा करणं म्हणजे केबललाच फ्यूज बनवणं.

‘अर्थ न्यूट्रलला जोडून घ्या’

काही पुरवठा पद्धतींत न्यूट्रल आणि अर्थ मीटरजवळ नियमाप्रमाणे जोडलेले असतात. तो जोड वेगळा. सॉकेटमध्ये किंवा डब्यात केलेला जोड गाडीला फसवतो एवढंच. त्या जोडापासून मेनपर्यंतच्या वाटेत कुठे न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यावर मेनचा दाब येतो, आणि टायर रबराचे असल्याने पहिला रस्ता हात लावणाऱ्या माणसातून मिळतो. शिवाय गाडीत फेज पत्र्याला लागला तर तो करंट न्यूट्रलमधूनच परततो. आरसीसीबीला दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि तो गप्प बसतो. अर्थची तार थोडीफार जोडलेली असेल तर आरसीसीबी सारखा पडतो, मग तोही काढून टाकला जातो.

गाडी तक्रार करते तेव्हा तिचं बरोबर असतं. आधी डब्यापासून मेन अर्थ पट्टीपर्यंत सलगता मोजा, मग इलेक्ट्रोडचा, म्हणजे अर्थसाठी जमिनीत पुरलेल्या सळईचा, रोध. इलेक्ट्रोडचा जोड गंजलेला असेल तर नवा करा, रोध जास्त असेल तर आणखी इलेक्ट्रोड पुरा, आणि तोवर त्या डब्याचा एमसीबी खाली ठेवा.