शिट्टी नसलेले पंच

गोल्फच्या नियमांसाठी आणि संघटनेच्या कामासाठी आयुष्यभर विनामोबदला राबणाऱ्या स्वयंसेवकांवरचा लेख आवडला. पण ते काम किती किचकट असतं, हे अजून यायला हवं होतं. क्रिकेटचा अंपायर प्रत्येक चेंडूला हजर असतो. इथे बहुतेक वेळा खेळाडू स्वतःच स्वतःला पेनल्टी लावतो आणि रेफरीला बोलावतो ते अडलं तरच. मग पेनल्टी एरियाची, म्हणजे तळं-ओढ्यासारख्या अडथळ्याच्या जागेची, हद्द चेंडूने नेमकी कुठे ओलांडली, ड्रॉप (हातातून चेंडू खाली सोडून पुन्हा खेळात आणणं) कुठे घ्यायचा, हे जागेवर ठरवायचं, तेही मागचा गट खोळंबलेला असताना! शिवाय त्याआधी मैदान फिरून हद्दीच्या खुणा तपासणं, दुरुस्तीच्या जागेभोवती पांढरी रेघ मारणं. २०१९ मध्ये ३४ नियमांचे २४ झाले, चेंडू शोधायला ५ ऐवजी ३ मिनिटं, ड्रॉप खांद्याऐवजी गुडघ्याच्या उंचीवरून. वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेलं बाजूला ठेवून या मंडळींना पुन्हा पुस्तक हातात घ्यावं लागलं. पगारी माणसांनी तरी इतकं मनावर घेतलं असतं का, शंकाच आहे. सत्कार ठीक, पण हे काम पुढे कोण करणार? तरुण खेळाडूंना यात कसं ओढायचं, यावरही एकदा लिहा.