आधी नोकरी, मग तयारी

दिवाळीच्या आधी अनेक सोसायट्यांमध्ये आणि कंपन्यांच्या उपाहारगृहांत मानसिक आजारातून सावरणाऱ्या व्यक्तींच्या संस्थांचे स्टॉल लागतात. रंगवलेल्या पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, आकाशकंदील. मी स्वतः तिथे खरेदी करते आणि इतरांनीही करावी असे मला वाटते, कारण त्या पैशांतून संस्थेचा थोडाफार खर्च निघतो. परंतु अशा व्यक्तींना पुन्हा कामावर उभे करणे, म्हणजेच व्यावसायिक पुनर्वसन, एवढ्यापुरतेच असते, अशी जी समजूत आपल्याकडे रुजली आहे, तिच्याविषयी एक शुभंकर म्हणून, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची काळजी घेणारी घरची व्यक्ती म्हणून, मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

माझ्या धाकट्या भावाने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली, एका कारखान्यात नोकरी धरली आणि त्यानंतर काही काळातच त्याला स्किझोफ्रेनिया झाला. औषधे लागू पडली, नसलेले आवाज ऐकू येणे जवळजवळ थांबले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तो एका दिवसकेंद्रात जाऊ लागला. तिथली माणसे अतिशय प्रेमळ होती, हे मी आवर्जून सांगते. मात्र व्हर्नियर कॅलिपरसारखे अचूक मोजमापाचे साधन सराईतपणे हाताळणारा हा मुलगा तिथे वर्षानुवर्षे पाकिटे चिकटवत राहिला. बाहेरच्या नोकरीचा विषय निघाला की ‘अजून त्याची तयारी झालेली नाही’ असे उत्तर मिळे. ही तयारी कशी मोजायची आणि ती पूर्ण झाली हे कोणी ठरवायचे, हे मात्र कधीच स्पष्ट झाले नाही.

आधी प्रशिक्षण आणि मग नोकरी, हा क्रम इतका स्वाभाविक वाटतो की त्यावर शंका घेणेही विचित्र वाटावे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर या संशोधकांनी नेमका हाच क्रम उलटा केला. ज्याला काम करावेसे वाटते त्याला ‘तू तयार आहेस का’ असे न विचारता त्याच्या आवडीची, बाजारभावाने पगार देणारी खरी नोकरी लगेच शोधायला लागायचे, आणि ती मिळाल्यावर तिथेच, त्याच कामात, मुदत न घालता त्याला आधार देत राहायचे, अशी ही पद्धत आहे. नोकरी शोधून देणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञांच्या चमूतच बसते, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

ही पद्धत अमेरिकेबाहेर चालेल का, हे तपासण्यासाठी लंडन, उल्म, रिमिनी, झ्युरिक, ग्रोनिंगेन आणि सोफिया या ६ युरोपीय शहरांत मिळून ३१२ जणांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सहभागी झालेले सर्वजण गंभीर मानसिक आजार असलेले आणि किमान वर्षभर बेकार होते. दीड वर्षाच्या पाठपुराव्यात नव्या पद्धतीच्या गटातील ५५ टक्के लोकांना निदान एक दिवस तरी खुल्या बाजारातली नोकरी करता आली, तर नेहमीच्या प्रशिक्षण-केंद्री सेवांच्या गटात हे प्रमाण २८ टक्के होते. एक दिवस हा निकष तोकडा आहे, हे मान्य. पण ‘नोकरीच्या ताणाने आजार उलटेल’ ही जी भीती प्रत्येक आईवडिलांच्या मनात असते, तिच्याविषयीही या चाचणीत आकडे आहेत. पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या सेवांच्या गटात ३१ टक्के आणि थेट नोकरीच्या गटात २० टक्के होते.

हे सगळे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडेल असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे बहुसंख्य नोकऱ्या जाहिरातीतून मिळत नाहीत, त्या ओळखीतून मिळतात. काम देणारा बहुधा लहान दुकानदार, वर्कशॉपचा मालक किंवा स्वतःचे काकाच असतात. त्यामुळे आपल्याकडच्या समाजसेवकाला नोकरीच्या संकेतस्थळांपेक्षा एमआयडीसीतल्या शेडचे उंबरठे जास्त झिजवावे लागतील. माझ्या भावाला शेवटी काम मिळाले तेही असेच. आमच्या स्वमदत गटातील एका शुभंकराच्या ओळखीने तो भोसरीतील एका लहान कारखान्याच्या स्टोअरमध्ये रुजू झाला, सुरुवातीला अर्धा दिवस.

तिथे त्याला ज्या सवलती लागल्या, त्यांत खर्चाची बाब जवळपास नव्हती. रात्रीच्या गोळ्यांमुळे सकाळी लवकर उठणे त्याला शक्य होत नाही, म्हणून सात वाजताची पहिली पाळी त्याला दिली जात नाही. क्लोझापिन हे औषध सुरू केल्यावर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातील पांढऱ्या पेशींची तपासणी करावी लागते, त्यामुळे त्या काळात आठवड्यातून एकदा उशिरा येण्याची मुभा आधीच ठरवून घेतली होती. या आजारात भास आणि संशय औषधांनी आटोक्यात येतात, परंतु एकाग्रता आणि तात्पुरती स्मरणशक्ती यांवर झालेला परिणाम बराच काळ मागे राहतो आणि नोकरी जाते ती बहुधा त्यामुळे. म्हणून तोंडी सांगितलेल्या चार कामांऐवजी त्याला कागदावर लिहिलेली चार कामे मिळतात. सुपरवायझर ओरडला की त्याचा अर्थ ‘सगळे माझ्याविरुद्ध आहेत’ असा नसतो, हे त्याला संध्याकाळी कोणीतरी समजावून सांगावे लागे. ते काम पहिल्या काही महिन्यांत गटातील समाजसेविकेने केले. पाकिटे चिकटवून ही गोष्ट शिकता आली असती असे मला वाटत नाही, कारण दिवसकेंद्रात कोणी ओरडतच नव्हते. तो मला एकदा म्हणाला, “ताई, इथे मला कोणी ‘गोळ्या घेतल्यास का’ विचारत नाही, ‘बोल्ट आले का’ विचारतात.”

आजार मालकाला सांगायचा की नाही, यावर आमच्या गटात तावातावाने वाद होतात. आम्ही सांगितला, कारण सवलती मागायच्या होत्या. पण सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी ज्यांना ‘सध्या जागा नाही’ असे ऐकावे लागले, अशीही कुटुंबे मला ठाऊक आहेत. त्यामुळे या बाबतीत मी कोणालाही सरसकट सल्ला देत नाही.

आता कायद्याकडे वळते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत असलेल्या मानसिक आजाराला नोकऱ्यांतील आरक्षणातही स्थान मिळाले, ही मोठीच गोष्ट होती. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का जागा स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व या सर्वांत मिळून वाटली जाते. ती मिळवायची तर किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे. हे मोजण्याच्या मापनश्रेणीत स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम अशी चार क्षेत्रे असतात. म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळासमोर काम जमत नाही असे सांगायचे आणि त्याच प्रमाणपत्राच्या आधारे मिळालेल्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत काम जमते असे सांगायचे. ही कसरत आजारी माणसाने कशी करावी?

निवृत्तिवेतनाचा प्रश्नही असाच गुंतागुंतीचा आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग अपत्याला, ते स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नसेल तर, आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठीची उत्पन्नमर्यादा आधी दरमहा ९,००० रुपये अधिक महागाई दिलासा अशी होती. २०२१ च्या फेब्रुवारीत ती सैल करून पालकाच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्क्यांशी जोडण्यात आली. बदल चांगला आहे, पण तो अनेक कुटुंबांपर्यंत पोचलेलाच नाही. ‘मुलाने चार पैसे कमावले तर आमच्या पश्चात त्याची पेन्शन जाईल’ या धास्तीने त्याला घरी बसवणारे वडील मी पाहिले आहेत, आणि त्यांना दोष देण्याची माझी हिंमत होत नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील कलम २० मध्ये असे म्हटले आहे की रुग्णाला मानसिक आरोग्य संस्थेत काम करण्याची सक्ती करता येणार नाही आणि त्याने काम केले तर त्याचा योग्य मोबदला द्यावा लागेल. जुन्या मनोरुग्णालयांत स्वयंपाकघरापासून बागेपर्यंतची किती कामे ‘उपचार’ या नावाखाली फुकट करून घेतली जात, हे लक्षात घेतले म्हणजे या ओळीचे मोल कळते. इटलीतील त्रिएस्ते येथे मानसोपचारतज्ज्ञ फ्रांको बसाल्या यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच यावर उपाय केला होता. जे रुग्ण मनोरुग्णालयाची साफसफाई विनामोबदला करत होते, त्यांचीच सहकारी संस्था स्थापन झाली आणि त्याच कामाचे रीतसर वेतन मिळू लागले. पुढे १९९१ च्या इटालियन कायद्याने, किमान ३० टक्के कामगार वंचित गटांतील असलेल्या अशा संस्थांना मान्यता आणि सवलती दिल्या. सहकारी चळवळीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या राज्यात साखर, दूध आणि पतपेढ्या यांच्यापलीकडे हा विचार फारसा का झाला नाही, याचे मला नवल वाटते.

माझी मागणी मात्र याहून बरीच लहान आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांच्यापासून नोंदी ठेवणाऱ्या सहायकापर्यंत पदे आहेत. रुग्णाला कोणते काम आवडते हे विचारून त्याच्यासाठी नोकरी शोधणारे आणि ती टिकवायला मदत करणारे पद त्यांत नाही. राज्य सरकारने निदान काही जिल्ह्यांत असे एकेक पद निर्माण करून पाहावे, आणि त्याच्या कामाचे मोजमाप किती शिबिरे झाली यावर न करता किती जण वर्षभरानंतरही पगारावर आहेत यावर करावे. ज्यांचे लहान कारखाने, दुकाने, गोदामे किंवा छापखाने आहेत आणि ज्यांना अर्ध्या दिवसाच्या माणसाने सुरुवात करून पाहायची तयारी आहे, त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवावे. आमच्या गटात सध्या लेखापाल, शिंपी, संगणकावर मराठी टंकलेखन करणारे आणि एक अनुभवी फिटर असे शुभार्थी, म्हणजे आजारातून सावरणाऱ्या व्यक्ती, काम शोधत आहेत.