“बोटीवर आहे म्हणजे वेटरच ना?”

आज सकाळी वधू-वर ग्रुपवर एका मुलाचा बायोडाटा आला. क्रूझवर रेस्टॉरंटमध्ये, वर्षातले आठ महिने समुद्रात. खाली एका ताईंची पहिलीच प्रतिक्रिया, “बोटीवर आहे म्हणजे वेटरच ना?” आणि त्यावर हसणारे सात-आठ चेहरे. दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

हा क्रूझचा धंदा कुठून आला, माहितेय? टेड अ‍ॅरिसन. जन्म 1924, तेल अवीव. महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या ज्यू ब्रिगेडमध्ये होता. पुढे अमेरिकेत आला, विमानाने माल पाठवायच्या धंद्यात पडला. 1966 मध्ये क्लोस्टर नावाच्या नॉर्वेजियन जहाजमालकाबरोबर मायामीहून ‘सनवर्ड’ बोट सुरू केली, चालवून दाखवली, आणि मग भागीदारी मोडली. वयाच्या 48व्या वर्षी या माणसाकडे होतं काय, तर एक जुनं जहाज आणि उधारी.

11 मार्च 1972. ‘मार्डी ग्रा’ पहिल्या सफरीला निघालं. मूळचं हे ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’, 650 फुटांचं, उत्तर अटलांटिकसाठी बांधलेलं. बोटीवर सुमारे 300 ट्रॅव्हल एजंट, म्हणजे पुढे तिकिटं विकणार तीच माणसं. आणि मायामी बंदरातून बाहेर पडताना जहाज वाळूत रुतलं. जवळजवळ एक दिवस तिथेच. किनाऱ्यावरून सगळं गाव बघतंय. पण आतली पार्टी थांबली नाही. बार चालू, बँड चालू.

मला वाटतं, सगळं त्या दिवसातच आहे. जहाज हलत नसतानाही माणसं मजेत राहू शकतात, हे तिथे दिसलं. पुढे पैशाच्या चणचणीने तोच रस्ता धरायला लावला. वाफेच्या टर्बाइनचं जहाज तेल पितं. वेग 20 नॉटवरून 16 वर आणला तर इंजिनाला लागणारी ताकद जवळपास निम्मी होते, पण बंदरं कमी होतात आणि समुद्रातले तास वाढतात. मग त्या तासांत लोकांनी करायचं काय? कॅसिनो, डिस्को, शो, खाणंपिणं. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि कमाई बोटीवरच्या खर्चातून काढायची. तोवर बोट म्हणजे कुठेतरी पोचायचं साधन होतं. याने बोटीलाच मुक्काम केलं. ‘मार्डी ग्रा’ चालवणाऱ्या कार्निव्हल कंपनीच्या मूळ मालक कंपनीने 1974 मध्ये हात टेकले, तेव्हा 1 डॉलर देऊन आणि 50 लाख डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊन अ‍ॅरिसनने कार्निव्हल विकत घेतली. आज प्रिन्सेस, कोस्टा, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड या क्रूझ कंपन्या सगळ्या त्याच छत्राखाली आहेत.

त्याने जहाजांना पनामाचा झेंडा लावून, म्हणजे तिथे नोंदणी करून, अमेरिकेचे कर आणि कामगार कायदे टाळले, 1990 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्वही सोडलं. मान्य आहे. आवडत नाही, पण मान्य आहे.

पण त्याच झेंड्यामुळे जगभरची माणसं या बोटींवर आली, त्यात आपलीही आली. गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, त्याच्याही आधीपासून मुंबईत धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत, ट्रंक टेकवून बोटीची वाट बघायचे. आजची पोरं बीकेसीला सी-वन/डी व्हिसाच्या, म्हणजे अमेरिकेच्या खलाशी व्हिसाच्या, रांगेत उभी असतात. त्याआधी इंडोस नंबर (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीचा), मग एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशी प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे, कोर्स: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा, जहाजाची सुरक्षा. मग सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, मग मान्यताप्राप्त डॉक्टरकडून मेडिकल. प्रवासी जहाज म्हटलं की वर गर्दी सांभाळायचं प्रशिक्षण. ‘वेटरच’ म्हणणाऱ्यांनी यातला एक तरी कोर्स करून बघावा.

आता संताप येतो तो दलालांचा. नोकरी लावायचे दोन-तीन लाख मागतात आणि आईबाप दागिने मोडतात. नीट वाचा: एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना हवा, त्याचा नंबर डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याच्या यादीत स्वतः तपासा. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून एक पैसा घेता येत नाही. मुलाच्या खिशातून जाऊ शकतं ते पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल एवढंच. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. पैसे मागितले की तिथूनच उठा.

आणि काम? नियमाने 24 तासांत किमान 10 तास विश्रांती, आठवड्याला 77. ती दोनच तुकड्यांत मोडता येते, त्यातला एक तुकडा सहा तासांचा हवा. डायनिंगमध्ये नाश्ता, दुपारचं, रात्रीचं असं असल्याने झोप कायम तुटकी. सगळ्यात वाईट दिवस टर्नअराउंडचा. सकाळी तीन-चार हजार माणसं उतरतात, संध्याकाळी तेवढीच नवी चढलेली असतात, आणि मधल्या तासांत खोल्या, टेबलं, सामान सगळं बदलायचं.

पुन्हा त्या वाळूकडे येतो. 1972 मध्ये जहाज रुतलं तेव्हा खाली वाळू होती, म्हणून तो किस्सा राहिला. 13 जानेवारी 2012 ला याच समूहाचं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीजवळ खडकावर आदळलं आणि 32 माणसं गेली. त्यांत मुंबईकडचा एक वेटर होता. त्याचा देह सापडायला नोव्हेंबर 2014 उजाडलं. बोट कलते तेव्हा तुमच्या लेकराच्या अंगावर लाइफजॅकेट चढवणारा आणि मस्टर स्टेशनकडे, म्हणजे संकटात जमायच्या जागी, नेणारा हाच असतो, ज्याने तासाभरापूर्वी सूप वाढलेलं असतं.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला. ग्रुपवरच्या ताईंना स्थळ बघायचंय, चौकशी करायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. करायचीच तर अशी करा: कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं की नऊ? मधली सुट्टी किती आठवड्यांची, आणि त्या सुट्टीत पगार मिळतो का? सुपरवायझर व्हायला अजून किती कॉन्ट्रॅक्ट लागतील? मस्टर स्टेशनवर त्याचं काम काय? आणि बोटीवरून घरी फोन कधी लागतो?