सहा महिन्यांत फार्मासिस्ट होता येत नाही

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. "सहा महिन्यांचा फार्मसी टेक्निशियन कोर्स करा. दहावी पास असलात तरी चालेल, शाखा कोणतीही. घरबसल्या ऑनलाइन. कोर्स संपला की फार्मासिस्ट म्हणून नोकरी किंवा स्वतःचं मेडिकल. अमेरिकेतही कोर्स एवढाच असतो. मेडिकलमध्ये आधी काम केलं असेल तर अनुभवावरच लायसन्स." खाली मोबाइल नंबर आणि 'मर्यादित जागा'.

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मामा भाच्याला पाठवतो, शेजारच्या काकू मुलीला पाठवतात. पण त्यावर विसंबून गावाकडची पोरं फी भरतात आणि हातात एक चकचकीत कागद घेऊन मेडिकलवाल्यांच्या दारात उभी राहतात. त्या कागदावर त्यांना फार्मासिस्टचं काम कुणीही देऊ शकत नाही. औषधाच्या काउंटरमागे आयुष्य घालवणाऱ्या माणसाला हे बघवत नाही, म्हणून एकेक विधान घेतो.

"कोर्स संपला की फार्मासिस्ट."

फार्मासिस्ट कुठल्याही कोर्सने होत नाही, नोंदणीने होतो. फार्मसी ॲक्ट, १९४८ हा त्याचा पाया. प्रत्येक राज्याच्या परिषदेकडे एक रजिस्टर असतं. आपल्याकडे ते महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे आहे. त्यात ज्याचं नाव तो फार्मासिस्ट. त्या रजिस्टरमध्ये 'टेक्निशियन' असा वेगळा वर्गच नाही. नाव चढायला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने मान्यता दिलेल्या संस्थेतून किमान डी. फार्म, म्हणजे फार्मसीची पदविका, लागतं. याच कायद्याचं कलम ४२ म्हणतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टशिवाय कुणी देऊ नये. दिलं तर कैद, दंड किंवा दोन्ही. औषध नियम, १९४५ मधला नियम ६५ सुद्धा तेच बजावतो: चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टने स्वतः द्यायचं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जायचं.

सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला कौन्सिलच्या दृष्टीने किंमत शून्य. त्यावर कितीही सोनेरी शिक्के असोत.

"दहावी पास, शाखा कोणतीही."

डी. फार्मला बारावी सायन्स लागतं. फिजिक्स, केमिस्ट्री आणि त्यांच्या जोडीला बायोलॉजी किंवा गणित. कॉमर्स-आर्ट्सच्या मुलाला हा रस्ता उघडाच नाही, आणि हे त्याला फी घेण्याआधी सांगायला हवं.

"घरबसल्या ऑनलाइन."

डी. फार्मची दोन शैक्षणिक वर्षं असतात आणि प्रत्येक वर्षात कामकाजाचे किमान १८० दिवस. पहिल्या वर्षी फार्मास्युटिक्स, केमिस्ट्री, फार्माकॉग्नोसी, शरीररचना व शरीरक्रिया, सोशल फार्मसी. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी, फार्माकोथेरप्युटिक्स, हॉस्पिटल फार्मसी, बायोकेमिस्ट्री, कायदा आणि बाकीचं. शिक्षणाचा मोठा भाग लॅबमध्ये उभ्याने होतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून मलम घोटता येत नाही.

ते झालं की ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. ते कमीत कमी तीन महिन्यांत पसरलेलं हवं आणि त्यातले किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरची औषधं देण्याचे. म्हणजे महिनाभर दिवसरात्र बसून ५०० तास उरकले असं चालत नाही. आमच्याकडे ट्रेनिंगला आलेली मुलं पहिले काही दिवस नुसता माल लावतात: कोणती कंपनी कोणत्या कप्प्यात, कोणतं औषध फ्रिजमध्ये, लवकर एक्सपायर होणारी बॅच पुढे. मग चिठ्ठी हातात येते. आणि मग त्यांना कळतं की पुस्तकातलं औषध आणि डॉक्टरांच्या हस्ताक्षरातलं औषध ओळखणं यात किती अंतर आहे.

शिवाय २०२२ मध्ये डी. फार्मसाठी एक्झिट परीक्षेची, म्हणजे कोर्स झाल्यावर नोंदणीआधी द्यायच्या परीक्षेची, नियमावली आली. तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के, आणि तिन्ही एकाच वेळी पास व्हायचे. पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. आपल्या बॅचला ती लागू आहे का, हे प्रवेश घेतानाच कॉलेजला आणि कौन्सिलला विचारून ठेवा. शेवटच्या वर्षी कळलं तर हातपाय गळतात.

आता हिशोब मांडा. दोन वर्षं, तीन महिने ट्रेनिंग, निकालाची वाट, एक्झिट परीक्षा असेल तर ती, मग नोंदणी. घरच्यांनी मनात अडीच ते तीन वर्षं धरावीत. एखादा विषय राहिला तर आणखी. हे ऐकायला जड वाटतं, पण खरं सांगणारा माणूस हेच सांगेल.

"एवढं शिकायला आहे काय? स्ट्रिप काढायची आणि द्यायची."

मजकुरात हे लिहिलेलं नसतं, पण सहा महिने पुरतात असं ज्याला पटतं त्याच्या मनात हेच असतं. म्हणून इथे जरा थांबतो.

तापाचं साधं पॅरासिटामॉल घ्या. लहान मुलांसाठी ते आपल्या दुकानांत तीन तऱ्हेचं असतं. एका सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम, दुसऱ्याच्या ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स, ज्यांच्या एकाच मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. बाटल्या दिसायला सारख्या, नाव एकच, चवही गोड. सिरप संपलंय म्हणून काउंटरवरच्या पोराने ड्रॉप्सची बाटली दिली आणि आईने नेहमीसारखं चमचाभर, म्हणजे ५ मिली पाजलं, तर बाळाच्या पोटात १२० ऐवजी ५०० मिलिग्रॅम गेलं. चौपटीहून जास्त. एकदा नाही, ताप उतरेपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा. यकृताचं काय होईल ते डॉक्टरांना विचारा. ज्याला औषधशास्त्र शिकवलंय तो बाटली देण्याआधी विचारतो: बाळाचं वजन किती? आधी कोणती बाटली होती? ड्रॉपर आहे ना घरी? हे प्रश्न विचारण्याची सवय लागायला वर्षं जातात.

दुसरं उदाहरण मेथोट्रेक्सेटचं. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आजोबांना वाटतं गोळी म्हणजे रोजची. रोज घेतली तर रक्तपेशी तयार होणंच मंदावतं, तोंडात फोड येतात, जीवावर बेततं. म्हणून जाणता फार्मासिस्ट पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहून देतो, "फक्त सोमवारी", आणि आजोबांकडून तो एकदा वदवून घेतो. गर्दीच्या वेळी, मागे दहा माणसं उभी असताना.

यात भर म्हणजे शेड्यूल एच-१ ची औषधं, म्हणजे नियमांतल्या जास्त कडक यादीतली, चिठ्ठीशिवाय न देण्याची औषधं. १ मार्च २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. हे रजिस्टर तीन वर्षं जपायचं. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आले की ते मागतात.

"अनुभवावर लायसन्स मिळतं."

हे विधान पिढ्यान्‌पिढ्या टिकलंय, कारण त्यात कधीकाळी तथ्य होतं. जुन्या कंपाउंडरांना अनुभवाच्या बळावर मान्यता मिळायची. नियमांत आजही तो उल्लेख सापडतो: औषधं देण्याचा चार वर्षांचा अनुभव असलेला आणि ३१ डिसेंबर १९६९ पर्यंत परवाना अधिकाऱ्याने मान्य केलेला माणूस 'क्वालिफाइड पर्सन' धरला जातो. १९६९! ज्यांच्यासाठी हे दार होतं ते आज आजोबा-पणजोबा झालेत. त्यांच्या नातवाला दाखवायला ते दार उरलेलं नाही.

थोडं तथ्य आणखी एका ठिकाणी आहे, आणि तेही प्रामाणिकपणे सांगतो. घाऊक औषधविक्रीच्या परवान्याला फार्मासिस्टच हवा असं नाही. मॅट्रिक आणि औषधविक्रीचा चार वर्षांचा अनुभव, किंवा पदवी आणि एक वर्षाचा अनुभव असलेला माणूस तिथे चालतो. कुणाचे तरी काका होलसेलचं लायसन्स अनुभवावर काढतात आणि गावात बातमी पसरते की मेडिकलचं लायसन्स अनुभवावर मिळतं. होलसेलवाला पेशंटला औषध देत नाही, दुकानदारांना देतो. चिठ्ठी घेऊन येणाऱ्या माणसाशी त्याचा संबंध नाही. किरकोळ दुकानाला रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागतोच.

"अमेरिकेतही एवढाच कोर्स."

अमेरिकेतला फार्मसी टेक्निशियन खरोखरच काही महिन्यांत तयार होऊ शकतो. तिथल्या पीटीसीबी या संस्थेच्या परीक्षेला बसायला मान्यताप्राप्त प्रशिक्षण किंवा ५०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो. ९० प्रश्नांची परीक्षा असते आणि दर दोन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागतं. नियम राज्यागणिक वेगळे. पण तो टेक्निशियन मोजतो, भरतो, लेबल लावतो, विम्याचं काम बघतो. शेवटची तपासणी सहसा फार्मासिस्टच करतो, आणि तिथला फार्मासिस्ट म्हणजे आधीचं किमान दोन वर्षांचं कॉलेज धरून साधारण सहा-आठ वर्षं शिकून फार्म. डी., म्हणजे फार्मसीची डॉक्टर पदवी, मिळवलेला माणूस. तिथला मदतनीस आणि इथला फार्मासिस्ट एका पारड्यात घालायचे, ही या मजकुराची सगळ्यात मोठी लबाडी आहे.

ब्रिटनचं कुणी नाव काढत नाही. तिथे फार्मसी टेक्निशियनला १ जुलै २०११ पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि प्रशिक्षण साधारण दोन वर्षांचं. म्हणजे आपल्या डी. फार्मएवढंच.

आणखी एक. इथून बी. फार्म, म्हणजे फार्मसीची पदवी, करून अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुली तिथे टेक्निशियनचं काम करताना दिसतात. त्या कमी शिकलेल्या आहेत म्हणून नव्हे. परदेशी फार्मासिस्टना तिथल्या परवान्यासाठी जी पात्रता लागते, तिच्यात १ जानेवारी २००३ नंतरच्या पदवीधरांसाठी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अट आहे, आणि आपलं बी. फार्म चार वर्षांचं. त्यांचं उदाहरण देऊन इथे सहा महिन्यांचा कोर्स विकणं हा त्या मुलींवरही अन्याय आहे.

"निदान नोकरी तरी लागेल."

लागेल. माल लावणं, बिल करणं, घरपोच औषध पोचवणं, स्टॉक मोजणं ही कामं मेडिकलमध्ये आहेत आणि ती कष्टाची, इज्जतीची आहेत. पण त्यांना हा कोर्स लागत नाही. दहावी झालेल्या हुशार पोराला मालक तसाच ठेवून घेतो आणि काम शिकवतो, वर पगारही देतो. कौशल्य विकासातले 'फार्मसी असिस्टंट'सारखे कोर्स याच कामासाठी आहेत. जे स्पष्ट सांगतात की आम्ही मदतनीस तयार करतो, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार फार्मासिस्ट करून देतो म्हणणाऱ्यांबद्दल आहे. जी नोकरी या कागदावर मिळते ती कागदाशिवायही मिळते, आणि ज्या नोकरीचं आमिष दाखवलंय ती या कागदावर मिळतच नाही. मग हजारो रुपये भरायचे कशाचे?

"दुकान टाका, फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्याने लावा."

फोन केला की पलीकडचा माणूस शेवटी इथे येतो. हे सरळ बेकायदा आहे. ज्याचं सर्टिफिकेट भिंतीवर, तो माणूस दुकानात असायला हवा. सापडलं तर दुकानाचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो आणि सर्टिफिकेट देणाऱ्याचं नाव रजिस्टरमधून निघू शकतं. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की अशा दुकानात वरच्या ड्रॉप्सच्या बाटलीबद्दल आईला विचारणारं कुणीच नसतं.

ज्याला खरंच या क्षेत्रात यायचंय त्याने डी. फार्म करावं. पुढे बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सरकारी दवाखान्यांत औषध निर्माण अधिकाऱ्याच्या जागा निघतात, स्वतःचं दुकान टाकायला किमान १० चौरस मीटर जागा पुरते. फी भरण्याआधी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव शोधा, आणि त्याच शैक्षणिक वर्षाची मान्यता आहे का ते बघा. गेल्या वर्षीची चालत नाही. नाव नसेल तर "मान्यता येतेय, प्रोसेसमध्ये आहे" या उत्तरावर एक रुपयाही देऊ नका.