‘सोलापुरात बसून’ लिहिणारीचं उत्तर

फुप्फुसातल्या गाठीवर लाल उजेडाने करतात त्या उपचाराबद्दल, म्हणजे फोटोडायनॅमिक थेरपीबद्दल, मी मागे लिहिलं होतं. त्यावर ‘स्पष्टवक्ता, पुणे’ अशा नावाने एक प्रतिक्रिया आली. खालच्या रकान्यात उत्तर मावेना, म्हणून इथे लिहिते. प्रतिक्रिया जशीच्या तशी देते, म्हणजे मी काही लपवलं असं व्हायला नको:

“ताई, सोलापुरात बसून इंटरनेटवरचं वाचून कॅन्सरवर लेख लिहिणं सोपं असतं. हा उपचार फार थोड्या रुग्णांना लागू पडतो, ते तुम्ही ठळक लिहिलेलं नाही. ऑपरेशनपेक्षा सरस आहे का, खर्च किती, आपल्याकडे मिळतो का, कशाचंच उत्तर नाही. ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना खोटी आशा दाखवू नका. बाकी लेख छान.”

ते ‘बाकी लेख छान’ म्हणजे मुस्काटात देऊन वर गाल कुरवाळणं झालं. असो.

आधी ‘सोलापुरात बसून’चं बघू. हो, सोलापुरातच बसलेय. जुळे सोलापुरात, पंख्याखाली. नोकरीची बहुतेक वर्षं इथल्याच एका दवाखान्यात दुर्बिणीच्या खोलीत सिस्टर म्हणून काढली. घशात स्प्रे मारल्यावर पेशंट घाबरून मनगट धरतो ते माझं धरायचा, तुमचं नाही. दुर्बीण आत गेली की पडद्यावर श्वासनळीच्या कड्या दिसतात, मग नळी दोन फाट्यांत फुटते, आणि एखाद्याच्या उजव्या फाट्याच्या तोंडाशीच गाठ बसलेली असते. पांढुरकी, खडबडीत, चिमटा नुसता टेकला तरी रक्त सुटेल अशी. डॉक्टर चिमटा मागायचे आणि दुर्बिणीतल्या ज्या बारीक वाटेने मी तो आत सरकवायचे, त्याच वाटेने या उपचारात उजेडाची तार जाते. मी लिहिलं ते यासाठी, की वाचताना मला ती वाट डोळ्यांसमोर दिसत होती. हा उपचार माझ्या हातून झालेला नाही आणि तसा दावा मूळ लेखातही नाही. पण नळी कुठे वळते हे मला कुणी इंटरनेटवरून शिकवलेलं नाही.

आणि इंटरनेटवरचं वाचलं हा गुन्हा कधीपासून झाला? ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याला 1900च्या सुमारास म्युनिकमध्ये दिसलं, की रंगात ठेवलेले सूक्ष्मजीव अंधारात जगतात आणि उजेड पडला की मरतात. हे बघायला मी म्युनिकला जायला हवं होतं का? त्याच तत्त्वाचा कॅन्सरवर पद्धतशीर वापर अमेरिकेत बफेलोच्या थॉमस डोहर्टी यांनी 1970च्या दशकात सुरू केला, आणि श्वासनळीतल्या गाठींवर तो पुढे नेण्यात टोकियोच्या डॉक्टरांचा मोठा वाटा. वाचूनच कळतं हे. पुण्यात काय तुम्हाला स्वप्नात दिसतं?

सोलापूर म्हटलं की चादर, चटणी आणि कडक भाकरी, याच्यापुढे तुमची गाडी सरकत नाही, असं माझं मत होत चाललंय. बार्शी कुठल्या जिल्ह्यात आहे ते एकदा नकाशात बघा. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथे 1987 साली सुरू झाली. गावोगाव फिरून, घराघरात विचारून झालेलं काम आहे ते. डॉ. कोटणीसांचं नाव मी मुद्दाम काढत नाही, कारण आम्ही सोलापूरकर प्रत्येक भांडणात ते काढतो.

खरं तर सोलापुरात बसल्यामुळेच लेखात एक गोष्ट आली, ती म्हणजे ऊन. या उपचारात आधी शिरेतून औषध देतात. फोटोफ्रिन असेल तर वजनाच्या दर किलोमागे 2 मिलिग्रॅम. मग साधारण 40 ते 50 तास थांबायचं. तोवर ते निरोगी भागातून बरंचसं निघून जातं आणि गाठीत जास्त उरतं. मग 630 नॅनोमीटरचा लाल उजेड गाठीवर सोडतात, 500 सेकंद, म्हणजे आठ मिनिटांच्या थोडं वर. त्या उजेडाने भाजत नाही. औषध उजेड शोषून घेतं, जवळच्या ऑक्सिजनला चेतवतं आणि तो ऑक्सिजन गाठीच्या पेशी मारतो, तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसाही बंद पाडतो. दोनेक दिवसांनी पुन्हा दुर्बीण टाकून मेलेला भाग काढावा लागतो. नाही काढला तर तोच नळीत अडकून जीव गुदमरायचा.

आता गंमत बघा. तेच औषध कातडीतही उरलेलं असतं, कमीत कमी 30 दिवस, काहींच्या बाबतीत त्याहून बरेच जास्त. तेवढे दिवस उघड्या अंगावर ऊन पडलं की कातडी लाल होते, सुजते, फोडही येतात. सनस्क्रीन फासून उपयोग नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि इथे साधा दिसणारा उजेडच वैरी असतो. डोळ्यांवर काळा चष्मा हवाच. पण अंधाऱ्या खोलीत कोंडून घ्यायचं असंही नाही. उलट घरातल्या साध्या उजेडात वावरायला सांगतात, त्याने कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं. मे महिन्यात पारा 43च्या वर गेलेला, पत्र्याचं घर, पत्र्याला भोकं आणि भोकांतून उन्हाचे कवडसे थेट अंथरुणावर. इथल्या पेशंटला हे कोण समजावणार? विड्या वळून दुपारी कारखान्यात द्यायला जाणाऱ्या बाईने हातमोजे घालून जायचं का? हा सगळा भाग मूळ लेखात आहे. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा ‘ऊ’ सुद्धा नाही, म्हणजे तुम्ही तिथवर पोचलाच नाहीत असं मी धरते.

‘खोटी आशा’ हा शब्द मात्र लागला. माझे सासरे गिरणीत होते. विडी सुटली नाही. खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हा ते टीबीच्या गोळ्यांवर कितीतरी महिने काढत राहिले, कारण रक्त म्हणजे टीबी असं सगळ्यांनीच ठरवून टाकलेलं, त्यात एक शिकलेले डॉक्टरही होते. दुर्बीण टाकली तोवर उजवी नळी जवळजवळ बुजली होती. आडवं झोपता यायचं नाही. उशा आणि घड्या घातलेल्या चादरी पुढ्यात रचून त्यावर कपाळ टेकून बसायचे आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजायची. ती शिट्टी पलीकडच्या खोलीत ऐकू यायची. बरे होणार नव्हते हे त्यांनाही माहीत होतं. ते एकच म्हणायचे, “सूनबाई, एकदा आडवं होऊन झोपू दे गं.” नळी बुजवणारी गाठ कमी करून श्वासाला वाट करून देणं, हाही या उपचाराचा एक मान्य उपयोग आहे. आयुष्य वाढेल असं मी कुठेच म्हटलेलं नाही. आडवं झोपता येणं ही तुम्हाला खोटी आशा वाटत असेल, तर तुमच्या घरात कुणी बसून रात्र काढलेली नसावी, आणि देव करो तशी वेळ न येवो.

एक मुद्दा मान्य करते, उगीच अडून बसणार नाही. कॅन्सर फुप्फुसाबाहेर पसरला असेल तर हा उपचार त्याला पुरा पडत नाही, आणि उजेड जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर खोल जातो, त्यामुळे दुर्बीण पोचत नाही अशा कडेच्या गाठींना तो सहसा चालत नाही, ही वाक्यं लेखात फार खाली गेली होती. ती वर घेतली आहेत. बदल तेवढाच.

बाकीच्या प्रश्नांचं थोडक्यात. ऑपरेशनपेक्षा सरस का? ऑपरेशन झेपत असेल तर ऑपरेशनच, याला नाही कोण म्हणतंय? अमेरिकेत 1998 साली नळीतल्या अगदी सुरुवातीच्या गाठींसाठी याला मंजुरी मिळाली, तीच ज्यांना ऑपरेशन आणि रेडिएशन चालणार नाही त्यांच्यासाठी. जपानने नंतर 2003 साली टालापोर्फिन नावाचं दुसरं औषध आणलं. त्याने उन्हाचा जाच कमी दिवस राहतो. खर्चाचं म्हणाल तर दरपत्रक लावायला मी दुकान मांडलेलं नाही. कुठे मिळतो, हे पेशंटची फाईल बघून त्याचे डॉक्टर सांगतील. मी सांगितलं असतं तर तुम्हीच ‘कमिशन किती’ म्हणून विचारलं असतं.

आणि ‘ताई’ म्हणायला माझी हरकत नाही, दादा. फक्त ताई म्हणून पुढच्याच वाक्यात अक्कल काढायची ही रीत तुमच्याकडे असेल, आमच्याकडे नाही. प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, टोमण्यासकट तिथेच आहे. पुढच्या वेळी खरं नाव टाकून लिहा, आणि लेख शेवटपर्यंत वाचून लिहा. ज्यांच्या घरात पेशंट आहे अशा दोघांनी मेल करून उन्हाबद्दल जास्त विचारलंय, त्यांना उत्तर द्यायचं राहिलंय. तिकडे वळते.