उघडणारं छत कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फोक्सवागन कॅलिफोर्निया, म्हणजे छत वर उचलून कापडी भिंतींच्या आत झोपायची सोय असलेली व्हॅन, हिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "उघडणारं छत ही निव्वळ हौस आहे. तेवढ्याच पैशांत उंच, ऐसपैस मोटरहोम येते. थंडीत कापडाच्या खोलीत कोण झोपणार? आणि गाडीत संडाससुद्धा नाही!"

पैशांचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. संडासाचंही. नेहमीच्या कॅलिफोर्नियात तो नसतो. सुटा केमिकल टॉयलेट ठेवावा लागतो, नाहीतर कॅम्पिंगच्या जागेवरची सोय वापरावी लागते. ज्यांना न्हाणीघर हवंच, त्यांनी सहा मीटर लांबीची ग्रँड कॅलिफोर्निया बघावी.

हौसेचा मुद्दा मात्र मला अजिबात पटत नाही. छत मिटल्यावर आधीच्या पिढीच्या टी ६.१ मॉडेलची उंची १.९९ मीटर होते, आणि हा आकडा जाणूनबुजून गाठलेला आहे. युरोपातल्या शहरांमधली कितीतरी भुयारी पार्किंग दोन मीटरच्या आसपास अडवतात. फ्रान्सच्या महामार्गांवर दोन मीटरपर्यंतच्या गाडीला साध्या कारचा टोल पडतो, त्याच्यावर गेलात की वरचा वर्ग लागतो. २०२४ साली आलेली नवी कॅलिफोर्निया जवळपास २७ सेंटिमीटरने लांब झाली, पण उंची तिनेही दोन मीटरच्या आतच ठेवली. सोमवारी ऑफिसला आणि शनिवारी डोंगरात एकच गाडी न्यायची, तर झोपायची जागा घडी घालून मिटवण्याला पर्याय नाही. बाकीचं सगळं त्यातूनच ठरतं. टी ६.१ मध्ये: ४२ लिटरचा फ्रिज, ३० लिटर पाणी, दोन बर्नरची गॅस शेगडी. आटोपशीर, पण दोघांच्या स्वयंपाकाला पुरेसं.

आता थंडी. टी ६.१ मधला वरचा पलंग चांगला २ मीटर बाय १.२० मीटरचा आहे, पण त्याच्या भोवती कापडच. इंजिन बंद असताना चालणारा हीटर आहे, तरी गरम हवा कापडातून निसटत राहते आणि पहाटे आतून ओल धरते. म्हणून कडाक्याच्या थंडीत छत मिटून खालच्या पलंगावर झोपायचं. तिथे दोघंच मावतात. दोन मुलं असलेल्या कुटुंबाने जानेवारीत आल्प्समध्ये जायला ही गाडी घेऊ नये, हे मी अगदी स्पष्ट सांगेन. मे ते सप्टेंबर हाच तिचा खरा हंगाम.

तुम्ही विचारलं नाहीत, पण घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावंच: पावसात भिजलेलं कापड तसंच मिटलं, तर घरी पोचल्याबरोबर छत उघडून ते खडखडीत वाळवायचं, नाहीतर बुरशी चढते. छत खाली घेताना एखादं दार उघडं ठेवायचं, म्हणजे आतली हवा बाहेर पडते आणि कापड बाहेर फुगून कडेत अडकत नाही. ओशन प्रकारात छत बटणाने वर-खाली होतं, म्हणून तर याकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं. हाताने ओढताना कापड अडकलं तर लगेच जाणवतं, मोटरला ते कळेलच असं नाही.