लिगेचर बंद केल्याने मराठी सुधारत नाही

काही फॉन्ट शेजारची चिन्हं जोडून एकच आकृती दाखवतात, तिला लिगेचर म्हणतात; कोड लिहिणाऱ्यांचा फिरा कोड हा तसाच एक फॉन्ट. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाचीने काल एक फॉरवर्ड पाठवला: ‘फिरा कोडसारखे लिगेचरवाले फॉन्ट वापरू नका. कोड बदलतो, टर्मिनल मंदावतं, मराठीही त्यांच्यामुळेच तुटते. लिगेचर बंद करा. नाहीच जमलं तर जोडाक्षरं पाय मोडून लिहा.’ तिने प्रोजेक्टमधल्या विद्यार्थ्यांच्या नावांवर हा प्रयोग सुरूही केला होता!

कोड बदलतो, हे साफ खोटं. फाइलमध्ये != (‘समान नाही’) ही दोन चिन्हंच राहतात, फॉन्ट फक्त पडद्यावर वेगळी आकृती दाखवतो. कोड संगणकाला चालवता येईल असा करणाऱ्या कंपायलरचा फॉन्टशी संबंधच येत नाही. हां, नवशिक्याला ती आकृती आणि युनिकोडमधलं, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या मानकातलं, खरं ≠ सारखंच दिसतं आणि त्याचा गोंधळ उडतो, हे मान्य. मंदावण्याचं म्हणाल तर आयटर्म२ या मॅकवरच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, लिगेचर चालू केलं की तसं होतं, त्यांच्याच माहितीपानावर लिहिलंय. म्हणून सगळी टर्मिनलं मंदावतात असं नाही.

पण मराठीचा मुद्दा निव्वळ अज्ञान आहे, आणि घातकही. युनिकोड मानकाचं १२वं प्रकरण उघडून बघा. ‘क्ष’ साठवला जातो क, हलन्त आणि ष असा. जोडाक्षर घडतं ते दाखवताना. ‘कि’मधली वेलांटी साठवताना क नंतर असते, दिसते आधी. ही फॉन्टची हौस नाही, लिपीचा नियम आहे. एडिटरमध्ये लिगेचर बंद केलं की -> चा बाण जातो, ‘क्ष’ तसाच राहतो, कारण ओपनटाइप या आजच्या नेहमीच्या प्रकारच्या फॉन्टमध्ये दोन्हींची सोय वेगवेगळी असते. टर्मिनलमध्ये मराठी तुटते ती नेमक्या उलट कारणाने: तिथे अक्षरं जोडण्याचं काम धड होत नाही, आणि प्रत्येक अक्षर ठरावीक रुंदीच्या चौकटींत कोंबलं जातं.

पाय मोडून लिहायचं तर हलन्तानंतर एक अदृश्य चिन्ह घालावं लागतं, झिरो विड्थ नॉन-जॉइनर. मग असं पाय मोडून साठवलेलं ‘विद्या’ आणि शोधताना टाइप केलेलं ‘विद्या’ साध्या तुलनेत जुळत नाही. मुलीचं नाव यादीत असून सापडत नाही. पडद्यावर नीट दिसावं म्हणून मूळ माहितीच बिघडवायची, हा कुठला सल्ला?

भाचीला फाइलची जुनी प्रत परत आणायला लावली आहे. मराठी नावं तिने ब्राउझरमध्ये तपासावीत, आणि फिरा कोड आवडत असेल तर खुशाल वापरावा.